बांबूचे करार करण्याआधी बल्लारपूरचा हिशेब पाहा

मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



ऑक्टोबर 2025मध्ये मंत्रिमंडळाने राज्याचं बांबू उद्योग धोरण मंजूर केलं. 50 हजार कोटींची गुंतवणूक, 5 लाखांवर रोजगार, 15 बांबू क्लस्टर, असे आकडे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत झळकले. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या आम्हा लोकांना ते वाचून आनंद झाला नाही असं नाही. पण बांबूवर मोठा उद्योग उभा करण्याचा प्रयोग या भागात एकदा होऊन गेला आहे. तो पाऊणशे वर्षं चालला, समुद्रापार गेला, कर्जात रुतला आणि शेवटी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे त्याचा हिशेब झाला. नव्या धोरणाखाली करार होतील तेव्हा बल्लारपूर इंडस्ट्रीजचा तो हिशेब आपल्या टेबलावर उघडा असावा, म्हणून हे पत्र.

लाला करमचंद थापर यांच्या समूहाने 1945मध्ये बल्लारपुरात स्ट्रॉबोर्ड आणि कागदाची कंपनी काढली. जागा निवडणाऱ्याची नजर पक्की होती. उशाशी वर्धा नदीचं पाणी, जवळच कोळशाच्या खाणी, उत्तर-दक्षिण रेल्वेमार्गावरचं बल्लारशा स्टेशन, आणि पूर्वेला वैनगंगा ओलांडली की थेट बस्तरच्या हद्दीपर्यंत मानवेल बांबूचं रान. टनभर कागदाला सव्वादोन-अडीच टन बांबू लागतो. बांबू आतून पोकळ, म्हणजे ट्रक भरला तरी निम्मी वाहतूक हवेचीच होते. लांबून आणायचा तर भाडंच मालाला खाऊन टाकतं. म्हणून कागदाची गिरणी जंगलाजवळ बसते आणि एकदा बसली की तिथून हलत नाही. लगदा शिजवणारी बाष्पपात्रं, त्यातून उरलेला काळा द्राव जाळून रसायनं परत मिळवणारा अजस्र बॉयलर, चुन्याची भट्टी, शे-दीडशे मीटर लांबीचं कागदयंत्र, हा पसारा उचलून कोणी दुसऱ्या गावी नेत नाही.

कंपनी मात्र हलते. या पत्राचा सगळा मुद्दा एवढ्या फरकात आहे.

पेपर मिलने या भागाला काय दिलं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पत्र एकांगी होईल. बल्लारपूर शहर निम्मं कोळशाने आणि निम्मं पेपर मिलने वाढवलं. स्थळ सांगताना ‘मुलगा पेपर मिलमध्ये परमनंट आहे’ एवढं म्हटलं की पुढची चौकशी आपोआप कमी व्हायची. गाडी बल्लारशाला टेकली की डब्यातले नवखे प्रवासी नाकाला रुमाल लावत. लगदा शिजवताना निघणाऱ्या गंधकाच्या वायूंचा तो वास. गावकऱ्यांना तो सुटीवरून परतल्याशिवाय जाणवायचाही नाही. नदीच्या पाण्याबद्दल तक्रारी होत्याच, पण त्या पगाराच्या दिवशी जरा हळू आवाजात व्हायच्या.

हा सगळा डोलारा ज्यावर उभा होता, तो बांबू कोणत्या भावाने मिळत होता? स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत देशभर एकच रीत होती. राज्य सरकारांनी कागद कारखान्यांना जंगलं दीर्घ मुदतीच्या कराराने आणि सवलतीच्या दराने दिली. शेजारच्या कर्नाटकात दांडेलीच्या कारखान्याला बांबू टनाला दीड रुपयाने मिळाल्याचं परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी अभ्यासातून पुढे आणलं, आणि तो दर पुढे या विषयावरच्या प्रत्येक चर्चेत आला. आपल्याकडेही चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला बांबू बल्लारपूरला सवलतीच्या कराराने जात राहिला. त्याच जंगलाच्या कडेला राहणारा बुरूड मात्र सूप-टोपलीसाठी लागणारे चार बांबू मिळावेत म्हणून वनखात्याच्या डेपोवर कार्ड घेऊन रांगेत उभा असे. 1988च्या राष्ट्रीय वन धोरणाने साफ लिहिलं की उद्योगांना वनोपज सवलतीत देण्याची प्रथा थांबावी, कारखान्यांनी शेतकऱ्यांकडून माल पिकवून घ्यावा. त्यानंतर नीलगिरी, सुबाभूळ यांची शेती वाढली. जंगलातल्या करारांची सवय मात्र धोरणाच्या कागदाने एकदम सुटली नाही.

आता कंपनीच्या वाढीकडे येतो. 1975मध्ये तिचं नाव बल्लारपूर इंडस्ट्रीज झालं. बाजारात लोक ‘बिल्ट’ म्हणू लागले. हरियाणात यमुनानगरची श्रीगोपाल मिल, ओडिशात जयपूरजवळची सेवा, तेलंगणात गोदावरीच्या बाजूला कमलापुरम, गडचिरोली जिल्ह्यात आष्टीचा छोटा कारखाना, अशी एकेक गिरणी तिच्या झेंड्याखाली आली. 2001मध्ये तिने इंडोनेशियाच्या सिनार मास समूहाकडून इंदापूर तालुक्यातला भिगवणचा कारखाना घेतला आणि गुळगुळीत, लेपित कागदात पाय रोवले. लिहिण्या-छपाईच्या कागदात ती देशातली सर्वांत मोठी कंपनी झाली. तिच्या रॉयल एक्झिक्युटिव्ह बाँड कागदावर टंकलेला अर्ज साहेबही जरा आदराने वाचतो, अशी कारकुनांची श्रद्धा होती.

2007मध्ये कंपनी मलेशियात गेली. बोर्निओ बेटावरच्या सबाह राज्यात, सिपितांग इथली सबाह फॉरेस्ट इंडस्ट्रीज तिने लायन समूहाकडून सुमारे 26 कोटी डॉलरला घेतली, सोबत जे. पी. मॉर्गनचं भांडवल होतं. भारतीय कागद कंपनीने परदेशात जाऊन लगद्यापासून कागदापर्यंतचा अख्खा कारखाना विकत घेण्याची ती पहिली वेळ. कारखान्याबरोबर पावणेतीन लाख हेक्टरांहून जास्त जंगलाचा परवानाही आला. मंत्रिमहोदय, हा तपशील लक्षात घ्यावा. सबाहची ती कंपनी मुळात तिथल्या राज्य सरकारने उभी केलेली. सरकारने जंगल दिलं, कारखाना उभारला, मग तो खासगी समूहाला गेला आणि तिथून परदेशी मालकाकडे. सिपितांगच्या आसपास लुन बवांग आणि मुरुत लोकांची गावं आहेत. त्यांची आणि गडचिरोलीच्या धानोरा-एटापल्लीतल्या गोंड-माडियांची भाषा वेगळी, देव वेगळे. पण जंगल सरकारचं, करार कंपनीचा आणि गाव मधल्या मध्ये, ही मांडणी तीच.

त्याच सुमारास पहिली पुनर्रचना झाली. बल्लारपूर आणि भिगवणच्या गिरण्या एका उपकंपनीत गेल्या, त्या उपकंपनीची आणि सबाहची मालकी नेदरलँड्समध्ये नोंदवलेल्या कंपनीकडे गेली आणि तिची मालकी पुन्हा भारतातल्या मूळ कंपनीकडे. परदेशी भांडवल उभारायला, कर वाचवायला अशा साखळ्या जगभरचे उद्योग करतात. त्यात बेकायदा काही नाही. पण परिणाम पाहा. बल्लारपुरातल्या यंत्रावर पाळी करणाऱ्या माणसाची गिरणी जागच्या जागी होती आणि तिच्या मालकीचा पत्ता वर्धेकाठून निघून ॲमस्टरडॅमच्या बाजूला फिरून परत येत होता. तिच्यावर कोणाचं किती कर्ज आहे आणि ते फिटलं नाही तर काय होईल, हे कारखान्याच्या फाटकावरच्या फलकावर लिहिलेलं नव्हतं.

कर्ज बरंच होतं. सबाहची खरेदी, बल्लारपुरातला नवा लगदा कारखाना आणि यंत्रांचा विस्तार, परदेशात काढलेले रोखे. हिशेब असा होता की कागदाची मागणी वाढेल, भाव टिकतील आणि स्वतःचा लगदा स्वस्त पडेल. मागणी वाढलीही. पण 2013मध्ये रुपया घसरला आणि परदेशी कर्ज महागलं. आसियान देशांशी झालेल्या व्यापार कराराप्रमाणे जानेवारी 2014पासून तिकडून येणाऱ्या कागदावरचं आयात शुल्क शून्यावर आलं आणि इंडोनेशियाचा कागद मुंबई-चेन्नईच्या बंदरांत स्वस्तात उतरू लागला. ज्या समूहाकडून भिगवण विकत घेतलं तो सिनार मास त्याच इंडोनेशियातला, याची गंमत वाटते. खेळतं भांडवल आटलं, कच्चा माल उचलायला पैसे राहिले नाहीत, उत्पादन घसरलं, आणि उत्पादन घसरल्यावर कर्ज आणखी जड झालं.

कमलापुरमची गोष्ट सर्वांत वाईट. तिथे कागद बनत नसे. रेयॉनच्या धाग्याला लागणारा लगदा बनायचा आणि तो मुख्यतः ग्रासिम कंपनीला जायचा. परदेशातून स्वस्त लगदा मिळू लागल्यावर ती खरेदी थांबली. एप्रिल 2014मध्ये गिरणी बंद पडली. तेलंगणा राज्य नुकतंच जन्माला येत होतं. नव्या सरकारने पुढे सवलतींचं पॅकेज देऊ केलं, ते वाढवलंही, पण धुराड्यातून धूर निघाला नाही. कामगार वर्षानुवर्षं पगाराविना वसाहतीत थांबले, कारण गिरणी ‘बंद’ झाल्याचं कोणी अधिकृतपणे म्हणेना. बंद म्हटलं तर नुकसानभरपाई द्यावी लागते. चालू म्हटलं तर पगार. तोडगा निघाला तो दोन्ही न म्हणण्याचा. ही त्रिशंकू अवस्था कोणत्याही कराराच्या मसुद्यात कधी कल्पिलेली नसते, आणि बंद पडणाऱ्या उद्योगांत हीच सर्वांत जास्त आढळते.

पुढची पुनर्रचना बँकांनी केली. कर्जाचा काही भाग समभागांत बदलून घेतला आणि सावकाराचे भागीदार झाले. सबाहची कंपनी विकण्याचे प्रयत्न फसले, तिथे रिसीव्हर बसले. जानेवारी 2020मध्ये फिनक्वेस्ट फायनान्शियल सोल्युशन्स या धनकोच्या अर्जावरून न्यायाधिकरणाने बल्लारपूर इंडस्ट्रीजविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. 31 मार्च 2023 रोजी त्याच फिनक्वेस्टची योजना मंजूर झाली. तीन वर्षांहून जास्त वेळ गेला; कायद्यात बाहेरची मर्यादा 330 दिवसांची आहे. मध्ये कोरोना होता, हे मान्य.

इथे मी जरा थांबतो, कारण आपल्या खात्याचे करार जे अधिकारी लिहितील त्यांनी नादारी व दिवाळखोरी संहितेतला क्रम नीट पाहायला हवा. कंपनीचं काय करायचं ते धनकोंची समिती ठरवते. त्या समितीत बँका आणि वित्तसंस्था बसतात, आणि 66 टक्के मतांनी योजना मंजूर होते. कंपनीला माल पुरवणारा, लाकूड-बांबू उधारीवर देणारा, ट्रक चालवणारा हा ‘कार्यात्मक धनको’. त्याला मत नाही. कंपनी विकून काढली असती तर त्याच्या वाट्याला जे आलं असतं, साधारण तेवढं त्याला मिळावं अशी तरतूद आहे, आणि बँकांचं देणं मोठं असलं की तो वाटा शून्याला टेकतो. कामगारांच्या 24 महिन्यांच्या थकबाकीला तारण असलेल्या कर्जाच्या बरोबरीचं स्थान आहे, ही चांगली गोष्ट. पण ठेकेदारामार्फत आलेल्या कामगाराचं नाव कंपनीच्या हजेरीपटावर नसतं, म्हणून तो या रांगेत उभा राहायलाच धडपडतो. आणि एप्रिल 2021मध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की योजना एकदा मंजूर झाली की तिच्यात न आलेले सगळे जुने दावे संपतात, अगदी सरकारचेसुद्धा. नव्या मालकाला कोरी पाटी मिळते.

आता कल्पना करा. आपल्या पंधरापैकी एका क्लस्टरमध्ये मोठी कंपनी आली. धानोरा तालुक्यातल्या वीस ग्रामसभांनी तिला हंगामभर बांबू दिला, पैसे पुढच्या तिमाहीत. तेवढ्यात मुंबईतल्या कोणा वित्तसंस्थेने न्यायाधिकरणात अर्ज टाकला. दावे मागवणारी जाहिरात एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक वर्तमानपत्रात येते, तीही कंपनीचं नोंदणीकृत किंवा मुख्य कार्यालय जिथे असेल तिथल्या. मुदत दिवसांत मोजलेली. धानोऱ्याला ती जाहिरात कोण पाहणार? ग्रामसभेचा दावा वेळेत गेला नाही तर बांबू गेला, पैसे गेले, आणि नव्या मालकाकडे मागायचीही सोय राहिली नाही. दावा गेला तरी मत नाही. हे भय मी उगाच उभं करत नाही. कायदा असाच आहे आणि बांबूचे व्यवहार उधारीवरच होतात.

ग्रामसभा बांबू विकू शकतात का, असा प्रश्न मंत्रालयात अजूनही कोणी विचारत असेल तर त्याला धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढ्याला पाठवावं. 2006च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानलं. लेखा-मेंढ्याला 2009मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या पहिल्या काही गावांत ते होतं. त्याआधी वर्षानुवर्षं गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने त्या गावाने अभ्यास गटात बसून कायदे वाचले होते, आणि पेपर मिलच्या बांबू कटाईलाही विरोध केला होता. तरी वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात राहिला. बांबू तुमचा, पण गावाबाहेर न्यायचा नाही! एप्रिल 2011मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा निविदा काढून बांबू आणि तेंदू विकू लागल्या. म्हणजे 1945मध्ये जो पुरवठादार अस्तित्वातच नव्हता, तो आज कायद्याने उभा आहे. तुमचं धोरण जंगलातल्या बांबूला हात लावणार असेल तर समोर टेबलाच्या पलीकडे बसणारा पक्ष तोच आहे.

परदेशी कंपनी आणली की शिस्त येईल, असा एक विचार हल्ली ऐकू येतो. अमेरिकेच्या इंटरनॅशनल पेपरने 2011मध्ये राजमहेंद्रीचा आंध्र पेपर विकत घेतला आणि 2019मध्ये तो वेस्ट कोस्ट पेपरला विकून ती निघून गेली. तिथली गिरणी चालू राहिली, कारण विकत घेणारा कागदाच्याच धंद्यातला होता. त्याच इंटरनॅशनल पेपरने 2025मध्ये अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना आणि राइसबोरो इथल्या गिरण्या बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा सुमारे 1,100 लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि तो निर्णय आणि टाळं यांच्यात जेमतेम सव्वा महिना होता. कंपनी देशी की परदेशी, याने फार फरक पडत नाही. ती जाताना काय मागे ठेवून जाईल हे येताना लिहून घेतलं की नाही, याने पडतो. कामगार कायद्यांचाही आता तेवढा आधार नाही. नोव्हेंबर 2025पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कारखाना बंद करायला सरकारची परवानगी 300 कामगारांच्या पुढेच लागते; आधी ही मर्यादा 100 होती. अगरबत्तीच्या काड्या, बांबूचा कोळसा, फर्निचर अशा उद्योगांतले बहुतेक कारखाने 300च्या खालीच राहतील.

म्हणून आपल्याकडे मागणं आहे. धोरणाखाली ज्या कंपनीला जमीन, पाणी, वीजदरात सूट किंवा भांडवली अनुदान मिळेल, तिच्या कराराच्या पहिल्या पानांवर बाहेर पडण्याच्या अटी असाव्यात. ग्रामसभेकडून घेतलेल्या बांबूचे पैसे उधारीवर न राहता आगाऊ किंवा बँकेच्या हमीवर असावेत. बँक हमी असली की ग्रामसभा कोणत्याही समितीच्या दारात उभी राहत नाही. ठेका कामगारांची मजुरी मुख्य मालकाच्या खात्यातून थेट जावी, म्हणजे दिवाळखोरीच्या वेळी हजेरीपटाचा वाद उरणार नाही. मालकीची साखळी बदलली, म्हणजे उपकंपनी, परदेशी धारक कंपनी किंवा तारणात बदल झाला, तर तो जिल्हाधिकाऱ्यांना आणि पुरवठादार ग्रामसभांना कळवण्याचं बंधन असावं. ठरावीक महिने उत्पादन थांबलं की कारखाना बंद समजला जावा, म्हणजे कमलापुरमसारखी अधांतरी वर्षं कोणाच्या वाट्याला येणार नाहीत. यासाठी दिल्लीत जाऊन कायदा बदलावा लागत नाही. सवलत देणारा हात तुमचा आहे, तोपर्यंत अट घालणारा हातही तुमचाच.

यातल्या काही अटींना उद्योजकांच्या संघटना विरोध करतील. ‘महाराष्ट्र अशी कटकट करतो, मग आम्ही तेलंगणात जातो,’ असं म्हणतील. त्यांना बांबूच्या वाहतुकीचं गणित ऐकवावं. आगाऊ पैशाने खेळतं भांडवल अडकतं ही त्यांची तक्रार मात्र खरी आहे. त्यासाठी राज्य सहकारी बँकेने किंवा वनविकास महामंडळाने हंगामापुरता निधी उभा करावा, हे सरकारला जमण्यासारखं आहे.

बल्लारपूर आणि भिगवणची यंत्रं अजून चालतात. त्यांनाही बांबू लागेल, आणि नव्या धोरणातल्या कारखान्यांशी त्यांची भावाची चढाओढ झाली तर ग्रामसभांच्या फायद्याचंच आहे. कटाईचा हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. त्याआधी पहिल्या क्लस्टरच्या कराराचा मसुदा मराठीत छापून संबंधित ग्रामसभांपुढे ठेवावा, आणि गोंडी-माडियातून समजावून सांगणारा माणूस सोबत पाठवावा. बैठका मात्र दोन-तीन जास्त धराव्यात. लेखा-मेंढ्यात बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीनेच होतो, आणि शेजारची काही गावंही तीच रीत पाळू लागली आहेत.

आपला,
चंद्रपूर जिल्ह्यातला एक नागरिक